मागे कोण बसतं?

मी मोटारसायकलच्या सीटा बनवते. जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे आमचा दोन शटरचा गाळा आहे. एका शटरमध्ये आमचे हे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतात, दुसऱ्यात मी फोम कापते. माहेर धुळ्याचं. वडील ट्रकच्या सीटा भरायचे. दहावीच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली पिना उपटता उपटता मी हे काम शिकले. लग्नानंतर सासऱ्यांना म्हटलं, ते शटर रिकामंच पडलंय, मला द्या. त्यांनी दिलं. यात संघर्षाची गोष्ट नाही, शोधू नये.

बाहेरच्या माणसाला सीट म्हणजे गादी वाटते. सीटेला खाली प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा तळ असतो, त्यावर फोम, आणि फोमवर ताणून बसवलेलं रेक्झिनचं कव्हर, जे तळाला बारीक पिनांनी ठोकलेलं असतं. मऊ फोम तो चांगला, हा बहुतेकांचा गैरसमज. गिऱ्हाईक येतं आणि अंगठ्याने दाबून बघतं, भरिताचं वांगं बघावं तसं. मऊ फोमवर दुकानात बसायला छान वाटतं. भुसावळपर्यंत गेलात की तो पार दबलेला असतो आणि तुम्ही तळावर बसलेले असता. म्हणून मी अंगठा लावू देत नाही, गुडघा टेकवून सगळा भार द्यायला लावते. कव्हर ताणायला मोठ्या शहरात गरम हवेचं मशीन वापरतात म्हणे. आमच्याकडे मार्च ते जून त्याची गरज नाही. कव्हर दहा मिनिटं पायरीवर उन्हात टाकलं की हवं तसं ताणून घ्या.

काही वर्षांपासून दुकानात एक नव्या तऱ्हेची गाडी यायला लागली, स्क्रॅम्बलर. रस्त्यावरची साधी मोटारसायकल कच्च्या वाटेवर पळावी म्हणून तिला थोडं बदललं की ती स्क्रॅम्बलर होते. हँडल रुंद आणि उंच, टायरला खडबडीत गट्टू, चाकावरचं मडगार्ड आखूड आणि वर उचललेलं. सायलेन्सरचा पाइप खाली असतो तो वर उचलून सीटेच्या बाजूने नेलेला. आणि सीट सपाट, लांब, पुढून मागून एकसारखी, पाटासारखी. ही पाटासारखी सीट हा त्या गाडीचा सगळा रुबाब, आणि माझ्या दुकानात ती गाडी येण्याचं कारणही तेच.

दुकानाबाहेर एसटीच्या भंगारातून आणलेलं एक बाकडं आहे. रविवारी सकाळी त्यावर स्क्रॅम्बलरचा खटला चालायचा. फिर्यादी दोन. एक वामनआबा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे धुळे तालुक्यातले, आता मुलाकडे जळगावात. त्यांच्याकडे जुनी शंभर सीसीची गाडी होती आणि जगात दुसरी गाडी कशाला निघाली असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. दुसरे धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर. ते हायवेवरची जड गाडी घेऊन महिन्यातून दोनदा यायचे. आणि आरोपीचे वकील हेमंतभाऊ. सावद्याजवळच्या एका खेड्यात त्यांची केळी. वय पंचेचाळीसच्या पुढे, पण स्क्रॅम्बलर घेतल्यापासून गॉगल लावायला लागलेले.

"हाई गाडी शे का उंट शे?" आबा सुरुवात करायचे. "वर चढाले शिडी लागस."

"आबा, तुमची गाडी पावसाळ्यात माह्या मयात आना," हेमंतभाऊ म्हणायचे. मळ्याला त्यांच्याकडे मया म्हणतात. "दहा पावलांत मडगार्डमधी काळी माती ठासून चाक जाम नाई झालं तं मिशी काढून देतो. माह्या गाडीचं मडगार्ड पाहा, हात जातो मधून."

"तुले मिशी शेच कोठे?"

सर चहाचा कप खाली ठेवून बोलायचे. "मुद्दा चिखलाचा नाही, वाऱ्याचा आहे. सोनगीरच्या पुढे मोकळ्यावर आडवा वारा असतो. या गाडीवर माणूस ताठ बसतो, छातीचं शीड होतं. ऐंशीच्या पुढे गेलं की गाडी तुम्ही चालवत नाही, वारा चालवतो."

"सर, मले ऐंशीनं कुठी जायाचं हाय? केयी काय पयून चालली?"

"आनि हाऊ सायलेन्सर?" आबा पाइपकडे काठी करायचे. "पोटरीले इस्तरी करी दी."

"नाल्यातून जाताना पाइप वरच पायजे, आबा. खाली असला आन् पानी शिरलं, तं ढकलाले तुम्ही येनार का?"

असं चालायचं. निकाल कधी लागला नाही, आणि लागावा अशी कोणाची इच्छाही नव्हती. माझ्या तोंडात बहुतेक वेळा दोरा असायचा, त्यामुळे मला मत विचारलं जात नसे. मत होतं. गाडी चांगली, सीट वाईट. पाटावर माणूस जेवायला बसतो, तासभर धक्के खायला बसत नाही.

या गाडीच्या उंचीने मला बरीच मजेदार गिऱ्हाइकं दिली. एरंडोलचे एक वकीलसाहेब आले होते. खूप बुटके, आणि तो शब्द त्यांच्यासमोर निघू नये यासाठी अतिशय सावध. म्हणाले, "सीट मला जरा सैल वाटते." मी म्हटलं, सैल म्हणजे कशी? तर म्हणाले, "म्हणजे वरच्या अंगाला सैल." मी त्यांना गाडीवर बसायला सांगितलं. दोन्ही पाय जेमतेम टेकले. मग माझं लक्ष बुटांकडे गेलं. तळवा दोन बोटं जाड. "साहेब, कोर्टात हेच बूट घालता का?" त्यांनी मान हलवली. "मग बूट काढा." रस्त्यावर, लोकांच्या देखत, मोज्यांवर त्या माणसाने माप दिलं. पाय टेकावेत म्हणून सगळे सीट खालून तासायला लावतात. पण फोम कमी केला की तळ टोचतो. मी पुढचा भाग मांड्यांच्या मध्ये निमुळता करते. मांड्या जवळ आल्या की पाय आपोआप खाली पोचतात, उंची आहे तेवढीच राहते. वकीलसाहेब नंतर भेटले तेव्हा साध्या चपलेत होते. एवढं समाधान मला पुरतं.

आता हेमंतभाऊंच्या सीटेचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हा लेख लिहायला बसले.

गाडी घेऊन महिना झाला असेल. ते मोबाइलवर एक फोटो घेऊन आले. परदेशातली स्क्रॅम्बलर, सीट अगदी पातळ, गुळगुळीत, गुळाच्या ढेपेच्या रंगाची. मागे धरायची दांडी नाही. सीटेवर आडवा पट्टा असतो, मागच्याने धरायला, तोही नाही. "अशीच्या अशी पायजे, ताई."

मी सव्वीस वर्षं विचारत आले तो प्रश्न विचारला. "मागे कोण बसतं?"

"कोनी नाई. मयात जाले गाडी हाय."

मी धरून चालले की खरंच कोणी नाही. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ही चूक बाहेरच्या कारागिराने केली असती तर समजण्यासारखी होती. मी खानदेशातच जन्मले, इथेच नांदले. आमच्याकडच्या पुरुषाला मागे कोण बसतं विचारलं की त्याच्या डोळ्यांपुढे मित्र येतो, भाऊ येतो, बाजारचं पोतं येतं. बायको येत नाही. ती घरची. ती मागे बसते हे त्याला सांगण्यासारखं वाटतच नाही. लपवायचं नसतं त्याला काही. हे मला माहीत होतं. आमचे हेसुद्धा तसंच उत्तर देतील, आणि ते देतील तेव्हा मी मागे बसलेली असेन. तरी मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

पट्टा काढला. दांडीचे नट ह्यांनी पलीकडून पाना आणून सोडवले. त्या रंगात खरखरीत रेक्झिन माझ्याकडे नव्हतं, ते मागवायला चार दिवस लागले असते. हेमंतभाऊंना घाई होती आणि मलाही तो फोटो बघून हौस चढली होती. गुळगुळीत लावलं. सीट देखणी झाली, हे मान्य करायला हवं. आबासुद्धा दोनदा वळून बघत होते. हेमंतभाऊंनी बाकड्यासमोर गाडी उभी करून फोटो काढले.

पुढे पावसाळा सरत आला तेव्हा ते सलग काही रविवार आले नाहीत. एका रविवारी आबा आले ते बसलेच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "हेमंतनी घरवाली पडी गई. गाडीवरथीन."

जामनेरच्या पुढे पहूरच्या रस्त्यावर एका गावाबाहेर गतिरोधक आहे. तिथे गाडी उसळली आणि रजनीवहिनी मागच्या मागे घसरून डांबरावर पडल्या. डावं मनगट मोडलं, खांद्याचं हाड चिरलं. डोकं वाचलं.

सर आणि आबा लगेच गाडीवर तुटून पडले. सर म्हणाले, मागचा शॉकअप लांब असला की गतिरोधकावर फेकणारच. आबा म्हणाले, उंटावरथीन माणूस पडस तर गायवरथीन पडस का? दोघांनी मिळून गाडी विकून टाकायचा ठराव केला. मी ऐकत होते. हातात कात्री होती.

गाडीने त्यांना पाडलं नव्हतं. गाडी उसळली एवढंच. बाई साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसली होती. साडी पॉलिएस्टरची असणार, रोजची तीच असते. खाली माझं गुळगुळीत रेक्झिन. पॉलिएस्टर आणि रेक्झिन म्हणजे साबण आणि फरशी. धरायला पट्टा नाही, दांडी नाही, सीटेला कड नाही. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण मला तिथल्या तिथे कळलं. त्या रविवारी मी तोंड उघडलं नाही. पुढच्या रविवारीही नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी सावद्याची एसटी पकडली. ह्यांना सांगितलं, सावद्याला काम आहे. ह्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना कळलं होतं.

रजनीवहिनींना मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्याच वयाच्या, बारीक, गळ्यात अडकवलेला हात. ओट्यावर बसून एका हाताने मेथी निवडत होत्या. हेमंतभाऊ बाहेर आले, गॉगलशिवाय. मी पाणीसुद्धा न घेता सांगून टाकलं. "वहिनी, सीट मी केली. कव्हर गुळगुळीत लावलं, पट्टा काढला. त्यामुळे तुम्ही पडलात."

"ताई, काढाले तं मीच लावला," हेमंतभाऊ म्हणाले. "मीच म्हनलो, कोनी नाई बसत."

"तुम्ही म्हणालात, पण काम माझं आहे. मला कळायला पाहिजे होतं."

"नाई, चूक माही."

"तुमची कशी? तुम्ही कारागीर आहात का?"

रजनीवहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "पडली मी. तुम्ही दोघं कायले भांडून राह्यले? बसा, चहा घ्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मले कोनीच इचारलं नाई. ह्यांनीबी नाई, तुम्हीबी नाई. इचारलं असतं तं सांगितलं असतं, मी दर गुरुवारी बसतो तिच्यावर."

दर गुरुवारी त्या पहूरला जायच्या. तिथे त्यांची आई. उजवं अंग लुळं पडून वर्ष झालेलं. भाऊ-भावजय चांगले, पण दोघं रोजाने कामाला. गुरुवारी रजनीवहिनी जाऊन आईला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, अंथरूण बदलायच्या आणि संध्याकाळी परत. एसटीने जायचं तर भुसावळला बदला, जामनेरला बदला. सगळा दिवस जाण्यायेण्यात. मोटारसायकलवर दोन तास. पडल्यापासून त्या एकदाच गेल्या होत्या, एसटीने, हात गळ्यात घेऊन.

"आता हात बरा होत आला," हेमंतभाऊ म्हणाले. "पन गाडीजवळ येत नाई. मी इकून टाकतो म्हनलो, तं इकूबी देत नाई."

"इकून काय? नवी आनाल तिच्यावर तरी मी बसनार हाय का?" मग आवाज खाली आला. "गाडी सुरू झाली की माहे पाय थरथरतात, ताई. आईकडे जायाचं हाय. पन थरथरतात."

म्हातारीच्या हातात किती गुरुवार उरले आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या घरात कोणी ते बोलतही नव्हतं. मी मेथीच्या दोन काड्या उचलल्या आणि निवडायला लागले, कारण असं काही ऐकल्यावर हात रिकामे ठेवणं मला जमत नाही. मग मला जे येतं ते मी केलं. पिशवीतून टेप काढली. "ओट्याच्या कडेला बसा. गाडीवर बसता तशा."

त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या. मी दंडाला धरून हलकेच मागे ओढलं तर लगेच कलंडल्या. "आता दोन्हीकडे पाय टाकून बसा. या गोणीवर." साडी वर घेऊन, हेमंतभाऊंना तिकडे बघायला सांगून त्या बसल्या. मी ओढलं. हलल्या नाहीत. जरा जोरात ओढलं. तरी नाही. त्यांनी स्वतःच मांड्या आवळून बघितल्या.

"असं बसायाचं म्हंजे ड्रेस घालावा लागंन," त्या म्हणाल्या.

हेमंतभाऊ तिकडूनच म्हणाले, "गावात लोकं काय म्हनतीन?"

"डांबरावर पडली तव्हा गावातले लोकं आल्ते का उचलाले?"

मी माप लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी दोघं जळगावला आले. वहिनी एसटीने, ते गाडीवर. वहिनींनी हिरवा पंजाबी ड्रेस घातला होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मी बाकड्यावरच्या दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं की पडण्याचं कारण गाडी नाही, मी आहे. सर अवघडले. आबा म्हणाले, "तू कबूल करी टाकं ते बरं करं. आता काम सांग."

काम होतं. वहिनी दोन्हीकडे पाय टाकून उभ्या गाडीवर बसल्या आणि उजवी पोटरी बरोबर त्या उंच पाइपला लागली. इतके रविवार आबा जे बोंबलत होते ते खरं होतं. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईला पाइपचा त्रास नव्हता, पाय डावीकडे, पाइप उजवीकडे. आता होता. आबा स्वतः बरोबर ठरूनही खूश दिसले नाहीत. घरी जाऊन ते अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा घेऊन आले. सरांनी सांगितलं, पत्रा पाइपला चिकटवू नका, मधे बोटभर फट ठेवा, फटीतून हवा गेली पाहिजे. ह्यांनी पलीकडे पत्र्याला बाक दिला, भोकं पाडली. सर स्वतः उकिडवे बसून नट पिळत होते. एरवी त्या हातांना खडूशिवाय काही लागत नसावं. गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवून आबांनी पत्र्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

सीट मी अशी केली: मागचा भाग दोन्ही बाजूंना रुंद, मधे किंचित खोलगट. ब्रेक लागला की मागची व्यक्ती पुढे घरंगळू नये म्हणून मधे बोटभर पायरी. मागे खरखरीत कव्हर. पट्टा परत, पण दुहेरी शिवणीचा. दांडी परत. सगळं बसवून झाल्यावर हेमंतभाऊंनी मोबाइलमधला जुना फोटो काढला, सीटेकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं.

"फोटोतली नाई राह्यली," ते म्हणाले.

"फोटोतल्या गाडीवर कोनी बसेल दिसतं का?" वहिनींनी विचारलं.

तरी बसायची वेळ आली तेव्हा त्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. हेमंतभाऊंनी गाडी सुरू केली आणि मला त्यांचे पाय दिसले, सलवारीच्या आतून थरथरणारे. आम्ही चार माणसं बघत होतो, ते काही बरं नव्हतं. मी सगळ्यांना आत बोलावलं, चहा सांडलाय म्हणून. सांडला नव्हता. सरांना कळलं, आबांना कळलं, सगळे येऊन मशीनपाशी पाठ करून उभे राहिले. बाहेर बराच वेळ इंजिनाचा आवाज एकाच जागी येत राहिला. मग हळूहळू दूर गेला.

दहा मिनिटांनी दोघं परत आले. हेमंतभाऊ घामाघूम. वहिनी उतरल्या आणि म्हणाल्या, "बैलगाडीसारखी चालवली. पायी गेली असती तं आधी पोचली असती."

त्या गुरुवारी ते पहूरला गेले. फोन आला नाही, मीही केला नाही. शुक्रवारी हेमंतभाऊंकडून केळीची फणी आली, सोबत चिठ्ठी नाही. समजायचं ते समजलं.

तेव्हापासून मी नियम केला. मागे कोण बसतं हे मी विचारत नाही. सांगते, मागे बसणारं माणूस घेऊन या, त्याशिवाय फोमला हात लावणार नाही. लोक चिडतात. पारोळ्याचा एक दूधवाला दोन भरलेले कॅन घेऊन आला आणि म्हणाला, हेच बसतात. त्याचं बरोबर होतं, मी कॅनचं माप घेतलं. एकाने म्हाताऱ्या आईला रिक्षात घालून आणलं. ती मला म्हणाली की पंचवीस वर्षांत पोराने पहिल्यांदा तिला विचारलं, बसायला बरं वाटतं का म्हणून. एक यावलचा तरुण एकटाच आला. मी म्हटलं, मागे बसणारी कुठे आहे? तर लाजून म्हणाला, "ठरायची आहे." त्याला मी परत पाठवला. ठरल्यावर ये म्हटलं. अजून आलेला नाही.

थंडी सरून उन्हं तापायला लागली तेव्हा एका रविवारी हेमंतभाऊ आणि रजनीवहिनी आले, गाडीवर, दोघंही. वहिनींच्या अंगावर ड्रेस होता, धुऊन धुऊन फिका पडलेला. आई गेल्याचं मला आबांकडून कळलं होतं. मी भेटायला गेले नव्हते, कामं होती. खरं तर काय बोलायचं ते सुचलं नव्हतं. मला वाटलं, पहूरच्या फेऱ्या संपल्या, आता हेमंतभाऊ सीट पुन्हा फोटोतल्यासारखी करून मागणार. मनातल्या मनात मी नकाराची तयारीही केली.

"मागचा फोम दबला, ताई," ते म्हणाले. "नवा टाका."

मी गुडघा टेकवून बघितलं. खरंच दबला होता, पुढच्यापेक्षा जास्त. म्हणजे फक्त गुरुवारचं बसणं नव्हतं ते. मळा, बाजार, नातेवाईक, सगळीकडे दोघं जात असणार.

बाकड्यावर खटला चालूच होता. सरांनी सवयीने विचारलं, आणि विचारल्यावर त्यांनाच संकोच वाटला असावा. "वहिनी, तुम्ही सांगा. मागे बसणाऱ्याच्या दृष्टीने गाडी कशी आहे?"

"वाईट," वहिनी म्हणाल्या. "मडगार्ड आखूड, सगळा चिखल पाठीवर येतो. टायर घुंगघुंग करतात, कान बसतात. खड्डा आला की कमरेत कळ येते. चढताना पाय इतका वर टाकावा लागतो की माह्या वयाच्या बाईनं टाकू नये."

"मी काय सांगी ऱ्हायंथू!" आबा उसळले. "दोन वरीसपासून!"

"चांगलं काहीच नाही?" सर म्हणाले.

वहिनींनी ओढणी पदरासारखी खांद्यावर सारखी केली. "एक दिवस सकाळीच भावाचा फोन आला. माय डोळे उघडत नाई म्हने. आम्ही निघालो, तं जामनेरच्या अलीकडे पुलाचं काम. ट्रक, एसट्या, सगळं थांबेल व्हतं. लोकं खाली उतरून बसले व्हते. ह्यांनी मागं वळून मले इचारलं, शेतातून घालू का? तुले झेपंन का? मी म्हनलं, घाला. मंग नाल्यातून, ढेकळातून, कपाशीच्या पऱ्हाट्यातून काढली." त्या हेमंतभाऊंकडे बघत नव्हत्या, गाडीकडे बघत होत्या. "माय गेली तव्हा माहा हात तिच्या हातात व्हता."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. हेमंतभाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

आबा काठीवर जोर देऊन सरकले. बाकड्यावर एका माणसाची जागा झाली. इतक्या वर्षांत त्या बाकड्यावर बाई बसलेली मी पाहिली नव्हती. मीसुद्धा कधी बसले नव्हते.

"बस, बेटी," आबा म्हणाले. "उभी काबरं शे?"

त्या बसल्या. मी सीट उलटी केली आणि पिना काढायला घेतल्या.